आवाज फाटतो म्हणजे काय होते?

शाळेचे स्नेहसंमेलन रंगात आलेले असते. माईक तोंडाशी धरून कोणी जोरात बोलू लागले, की मागच्या रांगेतून ओरड होते, "आवाज फाटतोय, कमी करा!" स्पीकरवाला येऊन बटण जरा मागे फिरवतो आणि आवाज पुन्हा स्वच्छ येऊ लागतो. कापड फाटते, कागद फाटतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले म्हणतील, "आवाज फार मोठा होतो." हे उत्तर पुरेसे नाही. असा फाटलेला आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी हळू लावला तरी तो फाटलेलाच ऐकू येतो. तेव्हा प्रश्न आवाजाच्या मोठेपणाचा नसून तरंगाच्या आकाराचा आहे.

गंमत अशी की आपण जो दोष म्हणून टाळतो, तोच दोष इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे मुद्दाम पैसे देऊन विकत घेतात. पायाने दाबायची एक छोटी पेटी असते. तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. ती चालू केली की गिटारचा नाजूक आवाज खरखरीत, भरदार आणि लांबवर टिकणारा होतो. ही पेटी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, मूठभर सुट्या भागांतून घरी बनवता येते. बारावीच्या पुस्तकातला डायोड तिच्या केंद्रस्थानी आहे. पुस्तकात आपण त्याचा आलेख काढतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. येथे तोच आलेख कानांनी ऐकता येतो.

बिघाडातून जन्मलेले यंत्र

सुरुवात खरोखरच बिघाडातून झाली. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन हा वादक खर्जातले गिटार वाजवत होता. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेतील एका वाहिनीत बिघाड झाला आणि त्याचा तुकडा गुरगुरत, फाटून मुद्रित झाला. तो तसाच ठेवायचे ठरले. १९६१ साली गाणे गाजले आणि इतर वादक तोच आवाज मागू लागले. त्या ध्वनिमुद्रणाचे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात तोच आवाज जगभर ऐकला गेला.

ज्यांच्याकडे पेटी नव्हती त्यांनी दुसरे उपाय केले. किंक्स या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस याने १९६४ च्या सुमारास आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी शंकू चक्क ब्लेडने फाडला. आवाज 'फाटणे' याचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच कोणी घेतला असेल!

तरंगाचा माथा कापणे

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब काही दहा ते काही शे मिलिव्होल्ट इतका असतो. आपण हिशेबासाठी ५० मिलिव्होल्ट धरू.

पेटीत दोन कामे होतात. पहिले काम म्हणजे हा दाब पुष्कळ वाढवणे. दुसरे, वाढवलेल्या तरंगाचे माथे आणि तळ कापून टाकणे.

कापण्याचे काम दोन डायोड करतात. ते एकमेकांना समांतर, पण उलट दिशेने तोंड करून, तरंगाची वाट आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडलेले असतात. सिलिकॉन डायोडमधून ०.४ व्होल्टला नगण्य प्रवाह वाहतो. त्यानंतर दर ०.१ व्होल्टला तो साधारण दसपट होत जातो. त्यामुळे ०.६ व्होल्टच्या आसपास डायोड जणू दार उघडतो आणि त्यापुढचा सगळा प्रवाह ग्राउंडकडे जाऊ देतो. एक डायोड धन बाजूचा माथा कापतो, दुसरा ऋण बाजूचा. डोंगराचे शिखर कापून पठार करावे तसा गोलसर साइन तरंग वरून-खालून सपाट होतो. स्नेहसंमेलनातही हेच घडते. तिथे डायोड नसतो, पण ॲम्प्लिफायर त्याच्या पुरवठ्याच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊच शकत नाही, म्हणून माथा आपोआप कापला जातो.

पेटीची जुळणी

पुढील मंडल १९७० च्या दशकापासून प्रचलित असलेल्या एका साध्या रचनेवर आधारलेले आहे. लागणारे भाग पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतात: ७४१ क्रमांकाची आयसी, दोन १एन४१४८ डायोड, १ मेगओहमचे दोन, १०० किलोओहमचे दोन, १० किलोओहमचा एक आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, ०.१, ०.०४७ आणि ०.००१ मायक्रोफॅरडचा प्रत्येकी एक कपॅसिटर (त्यांवर अनुक्रमे १०४, ४७३ आणि १०२ असे अंक असतात). १ आणि १० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ५०० आणि १०० किलोओहमचे दोन पॉट. दोन जॅक, बॅटरी आणि ब्रेडबोर्ड.

आयसीची खाच डावीकडे ठेवली तर खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजावेत.

१. पाय ७ ला बॅटरीचे धन टोक आणि पाय ४ ला ऋण टोक जोडा. ऋण टोक हेच आपले ग्राउंड.

२. दोन १०० किलोओहम रेझिस्टर एकापुढे एक धन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा. त्यांच्या मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट मिळतील. या बिंदूपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन पाय मधल्या बिंदूकडे. मधल्या बिंदूपासून १ मेगओहममधून पाय ३ ला जोडणी करा.

३. गिटारचा जॅक ०.१ मायक्रोफॅरडमधून पाय ३ ला जोडा.

४. पाय ६ आणि पाय २ यांच्यामध्ये दुसरा १ मेगओहम लावा. पाय २ पासून ०.०४७ मायक्रोफॅरड, ४.७ किलोओहम आणि ५०० किलोओहमचा पॉट हे तिन्ही एकापुढे एक लावून शेवट ग्राउंडला करा. पॉटचे मधले आणि एका कडेचे असे दोनच पाय वापरायचे आहेत.

५. पाय ६ पासून १ मायक्रोफॅरड (धन पाय आयसीकडे) आणि पुढे १० किलोओहम लावा. या रेझिस्टरच्या पलीकडच्या टोकापासून ग्राउंडला दोन्ही डायोड उलटसुलट जोडा आणि त्यांना समांतर ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

६. त्याच टोकाला १०० किलोओहमच्या पॉटचा एक कडेचा पाय जोडा, दुसरा कडेचा पाय ग्राउंडला. मधल्या पायावरून बाहेरचा जॅक घ्या. दोन्ही जॅकचे दुसरे टोक ग्राउंडला.

गिटार न जोडता बॅटरी लावा आणि पाय ६ वरचा दाब मोजा. तो सुमारे ४.५ व्होल्ट असेल तर जुळणी बहुधा बरोबर आहे. तो ९ किंवा शून्याच्या जवळ असेल तर पाय २ आणि ३ च्या जोडण्या तपासाव्यात.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी. हा प्रयोग फक्त बॅटरीवर करावा, घरच्या विजेवर नाही. विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर मुलांना उघडू देऊ नये. जुन्या वाल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर बटण बंद केल्यावरही कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. दुसरे, पेटीचा आवाज हेडफोन कानाला लावून ऐकू नये. छोट्या ॲम्प्लिफायर-स्पीकरवर, आवाज कमी ठेवून ऐकावा.

थोडा हिशेब

या ऑप-अँपचे वर्धन म्हणजे १ अधिक, १ मेगओहम भागिले पाय २ कडून ग्राउंडकडे जाणाऱ्या वाटेचा विरोध. पॉट पूर्ण ५०० किलोओहमवर असताना वर्धन सुमारे ३ येते. ५० मिलिव्होल्टचे १५० मिलिव्होल्ट होतात, डायोड झोपलेलेच राहतात आणि आवाज स्वच्छ येतो. पॉट शून्यावर आणला की वर्धन सुमारे २१४ होते. ५० मिलिव्होल्टचे दहा व्होल्टपेक्षा जास्त व्हायला हवेत, पण बॅटरीच नऊ व्होल्टची! म्हणून आयसी स्वतःच आधी माथा कापते आणि उरलेले काम डायोड करतात.

येथे ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे काम लक्षात घ्यावे. त्याचा विरोध कमी वारंवारतेला जास्त असतो. २१४ हे वर्धन सुमारे ७२० हर्ट्झच्या बऱ्याच वर गेल्यावरच मिळते. ११० हर्ट्झला ते फक्त ३२ च्या आसपास राहते. जाड तारांचे स्वर मुद्दाम कमी वाढवले जातात. तसे केले नाही तर खर्जाचा स्वर सगळ्या आवाजाचा चिखल करून टाकतो. मुलांना हा कपॅसिटर बदलून ०.४७ मायक्रोफॅरडचा लावून पाहू द्या. फरक सांगावा लागणार नाही.

स्वर लांबवर टिकतो तोही याच हिशेबाने. वर्धन २१४ असताना ०.६ व्होल्ट होण्यासाठी जेमतेम तीन मिलिव्होल्ट पुरतात. म्हणजे तारेचे कंपन सतराव्या हिश्श्यापर्यंत मंदावले तरी बाहेरचा तरंग तेवढाच उंच राहतो. तार विझत चाललेली असते आणि आपल्या कानांना मात्र ती भरात असल्याचा भास होतो. याची किंमतही मोजावी लागते. ट्यूबलाइट आणि वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घरघरही वाढते. म्हणून जुळणी शेवटी पत्र्याच्या डब्यात बसवून डबा ग्राउंडला जोडावा.

नवे स्वर आले कुठून?

आता मुख्य मुद्दा. मोबाइलवर स्वर निर्माण करणारे एखादे ॲप घेऊन ४४० हर्ट्झचा शुद्ध साइन स्वर पेटीला द्या. मोबाइलचा दाब गिटारपेक्षा बराच जास्त असतो. तो १०० आणि १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी विभागून सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणावा. स्पीकरमधून येणारा आवाज दुसऱ्या मोबाइलवर मुद्रित करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत संगणक-प्रणालीत त्याचा वर्णपट पाहा. ४४० च्या जोडीला १३२०, २२००, ३०८० हर्ट्झ अशी शिखरे उभी असतील. आत एकच स्वर गेला आणि बाहेर अनेक आले!

हे साधे वाटले तरी साधे नाही. आवाज वाढवणारा चांगला ॲम्प्लिफायर, खर्ज-टीप कमीजास्त करणारी बटणे, ही सगळी रेषीय उपकरणे. ती आलेल्या स्वरांचे प्रमाण बदलतात, पण नवी वारंवारता कधीच निर्माण करत नाहीत. त्यासाठी अरेषीय घटक लागतो. अकरावीच्या त्रिकोणमितीत याचे कारण सापडते. अरेषीय घटकाच्या उत्तरात दाबाचा वर्ग, घन अशी पदे येतात. 'साइन घन थीटा' म्हणजे तीन चतुर्थांश साइन थीटा वजा एक चतुर्थांश साइन तीन थीटा. हा 'तीन थीटा' म्हणजेच तिप्पट वारंवारतेचा स्वर. वरचा माथा आणि खालचा तळ सारखाच कापला तर फक्त विषम पदे उरतात, म्हणून तिप्पट, पाचपट, सातपट असेच स्वर दिसतात. एक डायोड काढून टाका. समतोल बिघडतो, वर्गाचे पद जागे होते आणि ८८० हर्ट्झला नवे शिखर उगवते.

याच वर्गाच्या पदाचा चमत्कार १९६७ साली जिमी हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ'मध्ये ऐकू येतो. रॉजर मेयर या ब्रिटिश नौदलाच्या ध्वनिविभागात काम केलेल्या तंत्रज्ञाने त्याच्यासाठी 'ऑक्टेव्हिया' नावाची पेटी बनवली होती. ती तरंगाची खालची बाजू वर दुमडते. म्हणजे तो आपल्या पुस्तकातला पूर्ण-तरंग रेक्टिफायरच! दुमडलेल्या तरंगाची वारंवारता दुप्पट होते आणि स्वर एक सप्तक वर जातो.

एका विज्ञान शिबिरात एका मुलीने विचारले होते, "नवे स्वर आले, मग त्यांची ऊर्जा कुठून आली?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात यायला हवा. डायोड ऊर्जा निर्माण करत नाही. तो मूळ स्वराच्या ऊर्जेतून काही भाग नव्या स्वरांना देतो आणि काही उष्णतेत घालवतो. सगळी ऊर्जा येते ती बॅटरीतून.

दोन तारा एकदम

दोन स्वर एकाच वेळी दिले की गुणाकाराची पदे येतात आणि वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या ऐकू येऊ लागतात. समतोल कापणीत सर्वांत ठळक असते ते 'एकाची दुप्पट वजा दुसरा'. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झची. तिच्याबरोबर पंचम, म्हणजे १६५ हर्ट्झच्या आसपासचा स्वर वाजवला तर दुप्पट ११० वजा १६५ बरोबर ५५. कोणत्याच तारेवर नसलेला, खालच्या सप्तकातला षड्ज पेटीतून उमटतो! बाकीचे नवे स्वरही ५५ च्या पटीतच पडतात आणि सगळे मिळून एक भक्कम स्वर ऐकू येतो. रॉक संगीतात षड्ज-पंचमाच्या जोड्या इतक्या का वाजतात, याचे मोठे कारण हे ३:२ चे गुणोत्तर आहे.

आता पंचमाऐवजी गंधार घ्या. शुद्ध गंधाराचे गुणोत्तर ५:४, म्हणजे १३७.५ हर्ट्झ. पण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथे मिळतो १३८.६. ११० ची पाचपट ५५०, तर १३८.६ ची चौपट सुमारे ५५४. या दोहोंतून सेकंदाला चार-पाच ठोके पडतात. साध्या आवाजात ते फारसे जाणवत नाहीत. पेटी वरचे स्वर वाढवते आणि ठोके उघडे पडतात. हार्मोनियमचा गंधार चढा लागतो, ही आपल्या गवयांची जुनी तक्रार याच फरकाची आहे.

तंबोऱ्याची जवारी

ज्यांना ही खरखर परकी वाटेल त्यांनी तंबोऱ्याकडे पाहावे. तंबोऱ्याची घोडी सपाट, किंचित वक्र असते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून जवारी लावतात. कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्शते. हा स्पर्श अरेषीय असतो. साध्या तारेचा नियम असा, की एखाद्या संनादी स्वराच्या निष्पंद बिंदूवर तार छेडली तर तो स्वर उमटत नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. तिथे छेडूनही तो स्वर ऐकू येतो. मिरजेच्या कारागिराने दोरा केसभर सरकवला की तंबोरा बोलू लागतो. आपण डायोड बदलतो तेव्हा याच जातीचे काम करत असतो.

कानातले 'डिस्टॉर्शन'

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपला अंतर्कर्णही अरेषीय आहे. दोन स्वर एकदम वाजवले की तिसरा ऐकू येतो, हे अठराव्या शतकात इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी याने नोंदवले होते. १९७८ साली डेव्हिड केंप यांनी दाखवून दिले की कान फक्त आवाज घेत नाही, तो क्षीण आवाज बाहेरही टाकतो. कानात २००० आणि २४०० हर्ट्झचे दोन स्वर सोडले तर निरोगी कानातून १६०० हर्ट्झचा अगदी बारीक स्वर परत येतो. दुप्पट २००० वजा २४००, आपल्या पेटीतलेच सूत्र! हा स्वर अंतर्कर्णातील बाह्य केसपेशींच्या हालचालीतून निर्माण होतो. त्या पेशी निकामी झाल्या की तो येत नाही.

नवजात बाळाला ऐकू येते का, हे विचारून कळत नाही. म्हणून झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा शोधक ठेवून हाच तिसरा स्वर शोधण्याची चाचणी अनेक रुग्णालयांत केली जाते. स्वर मिळाला नाही म्हणजे बाळ बहिरे आहे असे लगेच ठरत नाही. कानात द्रव साठला असला तरी तो अडतो, म्हणून पुढच्या तपासण्या करतात. पण वेळेवर कळले तर भाषा शिकण्याच्या वयातच मदत मिळू शकते.

याच बाह्य केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. मुलांनी पेटी बनवली, हवी तेवढी खरखर ऐकली, की त्यांना एवढे जरूर सांगावे: पेटीतला डायोड जळला तर दुकानात दुसरा मिळतो.

वर्गासाठी काही प्रश्न

१. एका बाजूला सिलिकॉन डायोड आणि दुसऱ्या बाजूला जुन्या रेडिओतला जर्मेनियम डायोड लावला, तर कोणते नवे स्वर दिसतील?

२. दोन्ही डायोडांऐवजी लाल एलईडी उलटसुलट लावले तर आवाज मोठा का होतो आणि कमी खरखरीत का वाटतो?

३. पेटीआधी खर्ज कमी करणे आणि पेटीनंतर खर्ज कमी करणे, यांत आवाजाचा फरक पडेल का? दोन्ही उपकरणे रेषीय असती तर पडला असता का?